झाडाला नाक कसं फुटलं?

एखाद्या जुन्या वडाकडे कधी निवांत बघितलंय का? खोडावरची एखादी गाठ थेट डोळ्यासारखी वाटते. फांदी तुटलेल्या जागी कुणीतरी जांभई देतंय असं वाटतं. आपण क्षणभर बघतो नि पुढे जातो. इंग्लंडमधले चित्रकार आर्थर रॅकहॅम मात्र तिथेच थांबायचे. त्यांच्या चित्रांतल्या झाडांना वाकडी नाकं असतात, हाडकुळी बोटं असतात, आणि मुळांच्या बेचक्यात टोकदार कानांचे बुटके गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. आधी दिसतं ते फक्त झाड. मग एक चेहरा सापडतो, मग दुसरा, आणि मग आपली नजर काही केल्या तिथून हलत नाही!

रॅकहॅम यांचा जन्म १८६७ सालचा, लंडनचा. लहानपणी ते रात्री कागद-पेन्सिल गुपचूप अंथरुणात न्यायचे, आणि ते काढून घेतलं तर उशीच्या अभ्र्यावरच चित्र काढायचे, असं सांगतात. मोठेपणी दिवसा विमा कंपनीत कारकुनी आणि संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग, असं त्यांनी बरीच वर्षं केलं. १९०५ साली ‘रिप व्हॅन विंकल’ या गोष्टीसाठी त्यांनी ५१ रंगीत चित्रं काढली आणि त्यांचं नाव घरोघरी पोचलं. पुढच्याच वर्षी ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ हे पऱ्यांच्या गोष्टीचं पुस्तक आलं. केन्सिंग्टन गार्डन्स ही लंडनमधली खरीखुरी बाग आहे. चित्रांतली झाडं, तळं, फिरायला आलेली माणसं तिथलीच. पऱ्या तेवढ्या रॅकहॅम यांच्या! मला वाटतं, म्हणूनच त्या इतक्या खऱ्या वाटतात. झाडाचं मूळ जमिनीत कसं घुसतं, हे ज्याने नीट बघितलंय त्यालाच त्या मुळावर गॉब्लिन कुठे बसेल हे कळतं.

आता त्यांच्या टेबलाकडे वळू. आधी पेन्सिलने कच्चं चित्र, मग टाक आणि ‘इंडियन इंक’ नावाची काळी शाई. केसाइतक्या बारीक रेघा: साल, सुरकुत्या, काटक्या. त्यावर जलरंग. इथे एक गंमत करून बघा. साध्या शाईपेनाने एक रेघ ओढा, वाळू द्या, मग तिच्यावरून ओला ब्रश फिरवा. रेघ पसरली ना? मग रॅकहॅम यांच्या रेघा पाण्यात का विरघळल्या नाहीत?

उत्तर शाईतच आहे. तिचा काळा रंग काजळीचा, म्हणजे कार्बनचा असतो. तो उन्हाने विटत नाही. पण काजळी कागदाला धरून ठेवणार कोण? पाण्याला दाद न देणाऱ्या काळ्या शाईत हे काम लाख करते. हो, तीच बांगड्यांची लाख! पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे इवलेसे किडे रस शोषतात आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडतात. ही लाख साध्या पाण्यात विरघळत नाही. टाकणखार घातलेल्या गरम पाण्यात मात्र विरघळते, आणि अशीच ती शाईत मिसळता येते. कागदावर शाई वाळली की लाखेचा पातळ पापुद्रा काजळीला पकडून बसतो. त्या काळी युरोपात लाख जायची ती मुख्यतः भारतातूनच!

रेघ पक्की झाली की रंगांची पाळी. रॅकहॅम अगदी पातळ रंगाचा हात द्यायचे, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. जलरंगाचा थर पारदर्शक असतो. उजेड त्यातून आरपार जाऊन पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरांतून आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणून त्यांचे मातकट, पिवळसर, धुरकट रंगसुद्धा आतून उजळल्यासारखे दिसतात.

हे रंग पुस्तकात कसे उतरायचे? मूळ चित्राचे रंगीत काचांमधून तीन फोटो घ्यायचे. प्रत्येकापासून बारीक ठिपक्यांचा एकेक ठसा करायचा, आणि पिवळ्या, लाल, निळ्या शाईने एकावर एक छापायचं. भडक रंग या छपाईत बिघडायचे, रॅकहॅम यांचे सौम्य रंग छान उतरायचे. खरखरीत कागदावर ठिपके फुटतात, म्हणून चित्रं गुळगुळीत कागदावर वेगळी छापून पुस्तकात चिकटवत. आजच्या वर्तमानपत्रातलं रंगीत चित्र भिंगातून बघा. तसेच ठिपके दिसतील, फक्त आता काळी शाईही जोडीला असते.

रॅकहॅम यांचं शेवटचं काम होतं ‘द विंड इन द विलोज’ या प्राण्यांच्या गोष्टीची चित्रं. ते तेव्हा खूप आजारी होते. शेवटच्या चित्रात उंदीर आणि चिचुंदरीसारखा मोल होडीत सामान भरतायत. चित्र पूर्ण झालं, आणि मुलीच्या लक्षात आलं की होडीला वल्हीच नाहीत! वल्ही काढल्याशिवाय रॅकहॅम यांनी काम संपवलं नाही. १९३९ साली ते गेले. पुस्तक पुढच्या वर्षी आलं, होडीतल्या वल्ह्यांसकट.

त्यांची जुनी चित्रं आता कुणालाही इंटरनेटवर मोफत बघता येतात. आईबाबांना सांगून जरूर शोधा, आणि बघताना झाडांच्या मुळांपाशी घाई करू नका.