गाडी खाली ठेवा, मगच गावात या!

बालदोस्तांनो, देवळात शिरताना आपण चपला बाहेर काढतो. पण अख्ख्या गावात शिरताना मोटारच बाहेर ठेवायची, असं कधी ऐकलंय का? स्वित्झर्लंडमध्ये असं एक गाव आहे. त्याचं नाव झरमॅट.

हे गाव आल्प्स पर्वतात, १,६०० मीटरपेक्षा थोड्या जास्त उंचीवर आहे. म्हणजे साधारण आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं उंच. गंमत म्हणजे एवढ्या उंचीवर असूनही ते दरीच्या तळाशी बसलेलं आहे! समोर ४,४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्न सुळका उभा. हिवाळ्यात जगभरातून हजारो माणसं इथे स्की खेळायला येतात. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सूंऽऽ घसरत यायचं, हा तो खेळ.

आता इथे पोचायचं कसं ते बघू. स्वित्झर्लंडच्या उत्तर भागातून मोटारीनं निघालात, तर मध्ये डोंगरांची भिंत आडवी येते. हिवाळ्यात उंचावरचे घाटरस्ते बर्फानं बंद असतात. मग काय करायचं? कांडरश्टेग नावाच्या गावी जायचं आणि मोटार चक्क आगगाडीवर चढवायची! आपण मोटारीतच बसून राहायचं. ही आगगाडी १९१३ साली सुरू झालेल्या, साडेचौदा किलोमीटर लांबीच्या लोचबर्ग बोगद्यातून मोटारींना पाव तासात डोंगरापलीकडे नेऊन सोडते. आपल्या कोकण रेल्वेवर मालवाहू ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेतात ना, तसंच.

बोगद्यापलीकडे ऱ्होन नदीचं खोरं लागतं. तिथल्या फिस्प गावापासून एक अरुंद दरी दक्षिणेला वर वर जाते. रस्ता चढाचा, वळणांचा. अशा ठिकाणी साधे टायर चालत नाहीत, कारण थंडीत त्यांचं रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहतं. बर्फ फारच साठला तर चाकांना साखळ्या गुंडाळाव्या लागतात. निळ्या गोल पाटीवर साखळी गुंडाळलेलं चाक दिसलं, की गाडी बाजूला घ्यायची आणि साखळ्या चढवायच्या. बोटं गारठलेली असताना हे काम शिकायला गेलं तर फजितीच! म्हणून जाणती माणसं घरीच एकदा सराव करून निघतात.

असं करत आपण टेश या छोट्या गावात पोचतो. इथून झरमॅट फक्त पाच किलोमीटर. पण पर्यटकांच्या मोटारींचा प्रवास इथेच संपतो. पुढे रस्ता आहे, नाही असं नाही, पण परवाना असलेल्यांनाच त्यावरून जाता येतं. बाकीच्यांसाठी टेशच्या स्टेशनाला लागूनच मोठा वाहनतळ आहे. वर छप्पर आणि आत दोन हजारांहून जास्त गाड्यांची सोय. त्यामुळे आठवडाभरानं परत आल्यावर गाडी बर्फातून खणून काढावी लागत नाही. सामान ढकलगाडीवर ठेवायचं आणि ती ढकलगाडी तशीच आगगाडीत चढवायची. दर वीस मिनिटांनी गाडी सुटते आणि बारा मिनिटांत झरमॅट! ज्यांना वाहनतळाचं भाडं भरायचं नाही, ते घरापासूनच रेल्वेनं येतात. फिस्पहून झरमॅटला १८९१ पासून रेल्वे आहे. चढ फार असेल तिथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली असते. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी मागे घसरू न देता वर चढवतं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? धुरासाठी! थंड हवा जड असते. हिवाळ्यातल्या रात्री ती उतारांवरून घसरत दरीच्या तळाशी साठते आणि तिच्यावर जरा उबदार हवेचं झाकण बसतं. मग खालचा धूर वर जाऊ शकत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे चुलींचा धूर घरांच्या कौलांवर तरंगत राहिलेला तुम्ही पाहिला असेल. तोच हा प्रकार. झरमॅटच्या दरीत हजारो मोटारींचा धूर असा कोंडला, तर मॅटरहॉर्न दिसणार कसा? आणि तो दिसला नाही तर पाहुणे येणार कशाला?

म्हणून गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना मनाई आहे. अग्निशामक दलासारख्या अत्यावश्यक सेवांना तेवढी सूट. एरवी बॅटरीवरच्या, चौकोनी डब्यांसारख्या छोट्या गाड्या आवाज न करता फिरत असतात. आपलं माथेरान आठवलं ना? तिथेही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे पायी, घोड्यावर नाहीतर छोट्या गाडीनं जायचं. माथेरानची ती गाडी १९०७ सालची, म्हणजे झरमॅटच्या गाडीपेक्षा सोळा वर्षांनी लहान.

माझ्या वर्गात ही माहिती सांगितली, तेव्हा एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "पण बाई, मग टेशच्या लोकांनी धूर खायचा का?" प्रश्न अगदी रास्त आहे! झरमॅट स्वच्छ राहतं, पण त्या दोन हजार गाड्या टेशपर्यंत धूर सोडतच येतात. थेट रेल्वेनं येणाऱ्यांचं कौतुक मला वाटतं ते यासाठीच.

आणखीही एक अडचण आहे. या दरीत एकच रस्ता आणि एकच रेल्वे. १९९१ च्या एप्रिल-मे महिन्यांत टेशच्या खालच्या बाजूला डोंगराचा प्रचंड कडा दोनदा कोसळला. रूळ गाडले गेले, रस्ता गाडला गेला आणि नदी अडून तळं साचलं. सुदैवानं माणसं वाचली. पुढे रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही जागा बदलून बांधावे लागले. मग २०१८ च्या जानेवारीत एवढा बर्फ पडला, की हिमकडे कोसळण्याच्या भीतीनं दोन्ही वाटा बंद झाल्या आणि सुमारे १३ हजार पर्यटक झरमॅटमध्ये अडकून पडले! काहींना हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं, बाकीचे वाट उघडायची वाट बघत बसले. त्यांच्या मोटारी मात्र खाली, हाताशी नव्हत्याच. अर्थात असत्या तरी जाणार कुठून?

आता ॲटलास काढा बरं! जिनिव्हा सरोवर सापडलं, की त्याला येऊन मिळणाऱ्या ऱ्होन नदीवरून बोट उलटं, उगमाकडे न्या. फिस्प आलं की उजवीकडे वळा. इटलीची हद्द लागायच्या आधी जे गाव सापडेल ते झरमॅट. आणि टेश दिसलं नाही, तर ॲटलास मोठा घ्यावा लागेल!