फायद्याचा घाटा!

शीर्षक वाचून शेअर बाजाराचं पान उघडलं असं वाटलं? पान बरोबर आहे, घाटा वेगळा आहे. हा घाटा पातेल्यातला! उकळत्या पाण्यात भरड पीठ सोडायचं, हात दुखेपर्यंत घाटायचं, घट्ट झालं की वाढायचं. संपली रेसिपी. अमेरिकेच्या दक्षिणेत हिला म्हणतात ग्रिट्स, इटलीत पोलेंटा, रोमानियात ममालिगा, केनियात उगाली. धान्य एकच, मका. पण एकाच्या पातेल्याला दुसऱ्याचं नाव देऊन बघा, भांडण ठरलेलं!

चला, चमचे घ्या.

ग्रिट्स म्हणजे काय, माहीत आहे का? सरळ मराठीत सांगायचं तर मक्याच्या कण्या. ज्वारीच्या कण्या शिजवून वर ताक ओतून खाल्ल्या असतील, तर अर्धी अमेरिकन साउथ तुम्ही जिभेवर फिरून आलाय. फरक इतकाच की तिकडे ताकाऐवजी लोणी, चीज नाहीतर कोळंबी. आणि गंमत म्हणजे ‘ग्रिट्स’ हा शब्द एकवचनी की अनेकवचनी, यावर तिकडे अजून वाद आहे. आपण सुटलो. कण्या कण्याच असतात, ‘एक कणी वाढ गं’ असं पंगतीत कोणी म्हणत नाही.

जॉर्जिया राज्याने तर २००२ मध्ये ग्रिट्सला ‘राज्याचं शिजवलेलं अन्न’ असा अधिकृत दर्जा देऊन टाकला.

१९७६ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. गडी याच जॉर्जियाचा, शेंगदाण्याचा शेतकरी. जोडीला उपाध्यक्षपदासाठी वॉल्टर मॉन्डेल, टोपणनाव फ्रिट्झ. मग प्रचाराच्या बिल्ल्यांवर काय छापलं असेल? ‘ग्रिट्स अँड फ्रिट्झ’! यमक जुळलं, निवडणूकही जिंकली. आपल्याकडे पिठलं-भाकरी निवडणुकीच्या बिल्ल्यावर कधी येणार?

आता जरा लोळू या. होय, लोळू या.

जॉर्जियाशेजारच्या साउथ कॅरोलिना राज्यात सेंट जॉर्ज नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या सुपरमार्केटच्या मॅनेजरच्या लक्षात आलं की गावाच्या मानाने ग्रिट्सचा खप भलताच आहे. झालं! माणशी सर्वांत जास्त ग्रिट्स खाणारं गाव आमचंच, असं गावाने जाहीर केलं आणि १९८६ पासून दरवर्षी एप्रिलमध्ये ‘वर्ल्ड ग्रिट्स फेस्टिव्हल’ भरू लागला. त्यातला स्टार आयटेम कुठला, माहीत आहे का? लहान मुलांच्या प्लास्टिकच्या हौदात शिजवलेल्या ग्रिट्स ओततात. स्पर्धकाचं आधी वजन करतात. मग १० सेकंद त्याने त्यात यथेच्छ लोळायचं, उठायचं, परत काट्यावर. ज्याच्या अंगाला आणि कपड्यांना जास्त ग्रिट्स चिकटल्या, तो विजेता! म्हणून लोक मुद्दाम ढगळ पँट घालून येतात. कपड्यांत जितका झोल, तितका स्कोअर जास्त. सुखात लोळणं म्हणतात ते हेच असावं.

आणि ग्रिट्सनी कोर्टातली केस जिंकून दिलीय, हे माहीत आहे का? अर्थात पडद्यावर. १९९२ चा ‘माय कझिन विनी’ बघा. न्यूयॉर्कचा नवखा वकील अलाबामात खुनाची केस लढतोय. साक्षीदार शपथेवर सांगतो की नाश्ता बनवायला मला पाच मिनिटं लागली. नाश्त्याला काय? ग्रिट्स. इन्स्टंट? छे, खऱ्या! इथेच वकील त्याला पकडतो. सगळ्या जगाच्या ग्रिट्सना वीस मिनिटं लागतात, तुमच्याच गॅसला काय वेगळं फिजिक्स आहे का, असा त्याचा सवाल. साक्ष वितळली! अभिनेत्री मरीसा टोमेला याच सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. ग्रिट्सना मात्र नॉमिनेशनसुद्धा नाही.

झटपट एक तुफानी फॅक्ट. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘वॉफल हाऊस’ नावाची चोवीस तास उघडी असणारी हॉटेलांची साखळी आहे, ग्रिट्स तिथला नेहमीचा नाश्ता. चक्रीवादळानंतर नुकसान किती झालं हे ताडायला तिथले आपत्ती व्यवस्थापन अधिकारी क्रेग फ्युगेट यांनी ‘वॉफल हाऊस इंडेक्स’ काढला. पूर्ण मेन्यू मिळतोय? हिरवा. अर्धा मेन्यू? पिवळा. हॉटेलच बंद? लाल, म्हणजे गाव गाळात. हवामान खात्याला कंटाळलेल्यांनी आपल्या कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीकडे याच नजरेने बघायला हरकत नाही.

विमान बदलू या. उतरा मिलानला!

दक्षिण इटलीतली माणसं उत्तरेतल्यांना चिडवायला काय म्हणतात, माहीत आहे का? ‘पोलेंटोने’. म्हणजे पोलेंटाखाऊ! उत्तरेकडे मक्याचा घाटा, दक्षिणेकडे पास्ता. आपल्याकडच्या ‘भातखाऊ’चा इटालियन मावसभाऊच म्हणा ना.

पण खरा पोलेंटा म्हणजे मका, असं कोणी सांगितलं? रोमन लोक ‘पोलेंटा’ म्हणायचे तेव्हा पातेल्यात सातू असायचा. मका अमेरिकेचा, तो कोलंबसानंतर जहाजातून आला आणि सातूची खुर्ची बळकावून बसला. याला म्हणतात मक्याची मक्तेदारी! आणि पाहुणा कुठून आला याचा पत्ताच कोणाला नव्हता. इटालियन भाषेत मक्याला म्हणतात ‘ग्रानतुर्को’, म्हणजे तुर्की धान्य. तुर्कांना विचारा, ते म्हणतात ‘मिसिर’, म्हणजे इजिप्त! कुरियर परत पाठवताना चालतो तो प्रकार, पत्ता दुसऱ्याचाच.

पोलेंटा शिजवायला पारंपरिक भांडं लागतं तांब्याचं, बिनकल्हईचं. नाव ‘पायोलो’. सोबत लांब लाकडी दांडा. पीठ पाण्यात टाकण्याची पद्धत ‘आ प्योज्जा’, म्हणजे पावसासारखी. एका हाताने भुरभुर सोडायचं, दुसऱ्या हाताने ढवळायचं, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं थांबायचं नाही. एरवी ढवळाढवळ वाईटच. इथे मात्र ती केली नाही की गुठळ्या.

हे मी पुस्तकी सांगत नाही हं, हात पोळवून घेतलाय. माझा पहिला पोलेंटा ऐका. रेसिपीत लिहिलेलं ‘कॉर्न’चं पीठ. गेले वाण्याकडे, घेतला कॉर्नफ्लोअरचा पुडा. घरी आले, पावसासारखं सोडलं, ढवळलं. दोन मिनिटांत पांढऱ्या गुठळ्या, चौथ्या मिनिटाला चकचकीत चिकट लगदा, आणि मग पातेल्यातून ‘भुप्प’ करून एक बुडबुडा फुटला तो थेट मनगटावर. पोलेंटा कसला, खळ झाली होती खळ! दिवाळी आठवड्यावर होती. वाया का घालवा? त्याच खळीने आकाशकंदिलाच्या शेपट्या चिकटवल्या, आणि भाऊबीजेपर्यंत एक सुटली असेल तर शपथ.

तर लक्षात ठेवा. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतो तो मक्याचा नुसता स्टार्च, पांढराशुभ्र. मंचुरियनला तो ठीक. पोलेंटाला हवा मक्याचा पिवळा, जाडसर रवा. तो बोटांत चोळला की खरखरतो, स्टार्च करकरतो. पुडा पातेल्यात रिकामा करायच्या आत ही परीक्षा!

बर्गामो शहरात ‘पोलेंटा ए ओझेई’ मागवलंत तर सांभाळून. मूळ पदार्थ पोलेंटा आणि वर भाजलेले चिमुकले पक्षी. पण मिठाईच्या दुकानात याच नावाचा केक मिळतो, पिवळाधमक, पोलेंट्याच्या ढिगासारखा दिसणारा, माथ्यावर चॉकलेटचे पक्षी. शाकाहाऱ्यांनी दुकान बघून ऑर्डर द्यावी!

आता दोन मिनिटं सीरियस होऊ या, कारण गोष्टच तशी आहे.

नुसता मका खाऊन माणसं मरत होती, माहीत आहे का? अठराव्या शतकात उत्तर इटलीतल्या गरिबांच्या ताटात तिन्ही त्रिकाळ पोलेंटा, बाकी काही नाही. कातडी खरखरीत होऊन सोलायची, मग जुलाब, मग वेड, मग मरण. मिलानचे डॉक्टर फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये रोगाला नाव दिलं ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी. पण मग मेक्सिकोत हजारो वर्षं मकाच खाणारे लोक ठणठणीत कसे? उत्तर त्यांच्या पातेल्यात होतं. ते मका चुन्याच्या पाण्यात उकळायचे. त्यामुळे मक्यात अडकून बसलेलं नायासिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका उचलला, पण चुना तिकडेच विसरला. चुना न लावल्यामुळे फसगत झाली, असं जगातलं हे एकमेव उदाहरण असेल!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला. सगळे म्हणाले, जंतू. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना पाठवलं. त्यांना दिसलं की अनाथाश्रमात मुलांना रोग होतो, वेड्यांच्या इस्पितळात रुग्णांना होतो, पण कर्मचाऱ्यांना होत नाही. असा कसा जंतू, जो पगारी माणसाला सोडतो? त्यांचं म्हणणं, दोष ताटाचा आहे. कोणी ऐकेना. मग १९१६ मध्ये या गृहस्थाने काय केलं, माहीत आहे का? रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. बायकोनेही घेतलं! सहकाऱ्यांसोबत रुग्णांच्या कातडीचे पापुद्रे आणि विष्ठा पिठाच्या गोळीत घालून गिळली. या प्रयोगांचं नावच पडलं ‘घाण पार्ट्या’. एकालाही पेलाग्रा झाला नाही. नायासिनच हवं होतं, हे पक्कं झालं १९३७ मध्ये. गोल्डबर्गर १९२९ मध्येच गेले होते. मला विचाराल तर नोबेल याला द्यायचं असतं.

आणि हे फक्त परदेशातलं नाही बरं का. १९६० मध्ये हैदराबादचे संशोधक सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की दख्खनात नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होतो. ज्वारीत ल्यूसिन जास्त, ते कारण असावं असा त्यांचा अंदाज. भाकरीशेजारी डाळ, पिठलं, दूध असेल तर ही वेळ येत नाही. म्हणजे आजीचं ‘कोरडं खाऊ नकोस’ हे निव्वळ लाड नव्हते.

हुश्श! चला, परत धमाल.

रोमानियात ममालिगा सुरीने नाही, दोऱ्याने कापतात! पाटावर उलटी करायची, दोरा खालून सरकवायचा, वर ओढायचा. सपकन वडी. तिथे एक म्हण होती, ‘ममालिगाचा स्फोट होत नाही’. म्हणजे इथली जनता थंड, काही उठाव-बिठाव करणार नाही. डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट उलथली आणि लोक म्हणू लागले, झाला बुवा ममालिगाचा स्फोट!

आफ्रिकेत घाटा हाताने खातात, गोळा वळून, अंगठ्याने खळगा करून, त्यात कालवण भरून. आपल्याला वेगळा क्लास लावायची गरज नाही. मलावीच्या घाट्याला, म्हणजे ‘नसिमा’ला, युनेस्कोने २०१७ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलंय. आणि मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत धावणारा पहिला माणूस, केनियाचा एलियुड किपचोगे, कशाचा भोक्ता? उगालीचा! १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद, व्हिएन्ना, २०१९. प्रोटीन शेकवाल्यांनो, वाचताय ना?

स्कॉटलंडचा घाटा ओट्सचा. कारब्रिज गावात १९९४ पासून जागतिक पॉरिज स्पर्धा भरते. मुख्य फेरीत साहित्य किती? तीन. ओट्स, पाणी, मीठ. बक्षीस? सोन्याचा नव्हे, पण ‘गोल्डन स्पर्टल’, म्हणजे ढवळायचा दांडा!

आपणही मागे नाही. २०१७ मध्ये दिल्लीत संजीव कपूरांच्या देखरेखीखाली ९१८ किलो खिचडी शिजली आणि गिनीज बुकात गेली. तीन वर्षांत हिमाचलच्या तत्तापानीने १,९९५ किलोची शिजवून रेकॉर्ड मोडला. पापड किती लागले असतील, याची नोंद गिनीजने ठेवायला हवी होती.

या रविवारी करून बघा. एक वाटी मक्याचा रवा, चार-पाच वाट्या पाणी, मीठ, शेवटी लोण्याचा गोळा, आणि मनगटापर्यंत बाह्यांचा जुना शर्ट. इटलीत पायोलोच्या तळाला लागलेल्या खरपूस पापुद्र्यावर घरातली पोरं तुटून पडतात. आपल्याकडे त्याला खरवड म्हणतात. तेव्हा पातेलं लगेच भिजत घालू नका, आधी उलथनं आणा.