पुंगळीवरचे वंगण

'काडतूस' आणि 'चरबी' हे दोन शब्द एकत्र उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे १८५७ साल उभे राहते. एनफील्ड बंदुकीचे काडतूस कागदी असे. ते दातांनी फोडावे लागे आणि त्यावरची चरबी कोणत्या जनावराची, या शंकेने शिपायांची मने पेटली. आजचे काडतूस पितळी आहे, त्याला दातांचा स्पर्श होत नाही. पण स्निग्ध पदार्थाचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही. तो आता धर्माचा नसून पदार्थविज्ञानाचा आहे, एवढेच.

अमेरिकेतील पुष्कळ नेमबाज आणि शिकारी उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. तीत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घरीच बसवून ती पुन्हा वापरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. तेव्हा हा उद्योग आपण दुरूनच पाहावयाचा. परंतु पितळेच्या स्वभावाचे जे दर्शन त्यात घडते, ते पाहण्याजोगे आहे.

पुंगळीच्या पितळेत सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असते. बार उडाला की रायफलीच्या पुंगळीत दर चौरस इंचास सुमारे पन्नास हजार पौंडांचा दाब उत्पन्न होतो. त्यासरशी पुंगळी फुगते, नळीतील आपल्या घराच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आवळते, पण मूळच्या मापावर येत नाही. म्हणून तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावे लागते. कोरडे पितळ पोलादात असे रुतून बसते की ते काढताना पुंगळीची कड फाटून निघते. यासाठी साच्यात घालण्यापूर्वी तिला मेणाचा अथवा लोकरीपासून निघणाऱ्या लॅनोलिनचा हात लावतात. तोही हलकाच. द्रव दाबला जात नसल्याने जास्तीचे वंगण साच्यात अडकते आणि पुंगळीच्या खांद्याला खळगे पाडते.

साच्यातून पुंगळी बाहेर आली की वंगणाचे काम संपले. आता ते राहिले तर घातक. आत पाझरून ते टोपी व दारू बिघडवते. मग बार मुळीच उडत नाही किंवा, त्याहून वाईट, अर्धवट उडतो आणि गोळी नळीतच अडकते. पाठोपाठ दुसरा बार काढणाऱ्याची बंदूक फुटावयाची. चिकट पुंगळीवर धूळ बसते, ती वेगळीच. शिवाय कोरडे पितळ भिंतीला धरून मागे येणाऱ्या धक्क्याचा काही भाग स्वतः सोसते. तेलकट पुंगळी मात्र निसटते, आणि सारा भार बोल्टवर पडतो.

याविषयी वाद आहे. अमेरिकेतील पेडरसन यांनी रचलेल्या रायफलीची काडतुसे मुद्दाम मेणाचा पातळ थर देऊन बनवलेली असत, असे काही जण सांगतात. आणि ते खरे आहे. पण ती रायफल त्याच हिशेबाने रचलेली होती. अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारली ती गॅरंडची, जिला कोरडी काडतुसे चालत. याउलट १९२१ साली कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय सामन्यांत काय झाले? गोळ्यांना कथिलाचा मुलामा होता आणि तो पुंगळीच्या मानेला आतून घट्ट चिकटला होता. त्यातच, मनाई असूनही, नेमबाज जुन्या सवयीने गोळ्या वंगणात बुडवीत. दाब मर्यादेबाहेर गेला आणि रायफली निकामी झाल्या.

वंगण काढावे कसे? दोन-चार डझन पुंगळ्या असतील तर स्पिरिटात भिजवलेल्या जुन्या फडक्याला तोड नाही. संख्या मोठी असली तर मक्याच्या कणसाचा भरडा किंवा अक्रोडाच्या कवचांचा चुरा यंत्राच्या भांड्यात घालून त्यात पुंगळ्या घोळवतात. हे सारे टोपी बसवण्यापूर्वी करावयाचे. कारण भरड्याचा एखादा कण ज्वाला जाण्याच्या छिद्रात अडकतो, आणि तो टोचून काढावा लागतो. भरड्याच्या धुळीत जुन्या टोप्यांतील शिसे उतरते, म्हणून ते भांडे स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीही येऊ नये. गरम पाणी व साबण चालतो, पण वाळवण्याच्या घाईत कडक आच देऊ नये. फार तापलेले पितळ मऊ पडते, आणि पुंगळीचे बूड तर कठीणच राहिले पाहिजे.

एका पदार्थापासून मात्र चार हात दूर राहावे, तो म्हणजे अमोनिया. भांडी उजळण्याच्या काही पॉलिशांत तो असतो आणि मळ झटकन काढतो. त्याचे दुसरे रूप हिंदुस्थानातच उघडकीस आले. इंग्रजी अमदानीत येथील फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवलेली असत. पाऊस सरल्यावर पाहावे तो, न वापरलेल्या पुंगळ्यांना तडे! घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी पितळ आतून उकलले होते. हे कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी मांडले. दाबून घडवलेल्या पितळात ताण साठून राहिलेला असतो. अमोनिया त्याचा फायदा घेतो. तो ताण कारखान्यात सौम्य आच देऊन कमी करतात. साच्यात पुन्हा आवळलेल्या पुंगळीत तो नव्याने शिरलेला असतो. अमोनियाने घासलेली पुंगळी त्या दिवशी सोन्यासारखी दिसते. तडा पुढे केव्हा तरी, पेटीत पडल्या पडल्या, मानेवर उभा जातो.