दुरावलेले आई-बाप, मोठी झालेली मुलं: कायदा कुठपर्यंत?

• भेट : मूल 18 वर्षांचं झालं की ताब्याचे आणि भेटीचे आदेश संपतात. पुढे भेटायचं की नाही, हे त्यानंच ठरवायचं. कोर्ट त्याला बापासमोर नेऊन बसवत नाही.

• निर्वाहभत्ता : हे प्रकरण वेगळं. 2007च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील सज्ञान मुलांकडे भत्ता मागू शकतात. कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. लहानपणी मुलाला सांभाळलं होतं का, अशी अट कलमात नाही. (सुनावणीत मुलं तो विषय काढतात, हे ओघानं आलंच.)

• अर्ज : प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. सुनावणीआधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. त्याला एक महिन्याची मुदत.

• लेक : विवाहित मुलगीही जबाबदार. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचा 1987चा, म्हणजे या कायद्याच्याही आधीचा निकाल.

• वारसा : अबोल्यानं तुटत नाही. हिंदू बाप मृत्युपत्र न करता वारला, तर मुलगा-मुलगी पहिल्या वर्गातले वारस. उलट बाजूनं, मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गात; बाप दुसऱ्या.

• कोल्हापुरात : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. तिथल्या मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय राहतं. उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात 18 ऑगस्ट 2025पासून सर्किट बेंच सुरू आहे.

• फोन : मोफत कायदेशीर मदत 15100, ज्येष्ठांसाठी 14567.