‘पुन्हा सुरू’ म्हणजे नेमके काय?

मोपाचे काम पुन्हा सुरू. डिचोलीतील खाणी पुन्हा सुरू. पेडणे, डिचोली आणि हद्दीपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या वाचकांनी हे दोन शब्द गेल्या काही वर्षांत किती वेळा वाचले असतील, त्याची मोजदाद नाही. मात्र मूळ कागदावर दर वेळी इंग्रजी शब्द एकच नव्हता. कुठे ‘रिझ्यूम’ होता, कुठे ‘रिन्यू’, तर कुठे ‘फ्रेश’. आम्ही पत्रकारांनी तिन्हींना एकाच मापाचा सदरा शिवला.

आधी ‘रिझ्यूम’ पाहू. मूळ लॅटिन, अर्थ, सोडलेली वस्तू पुन्हा हाती घेणे. काम थांबले होते, संपले नव्हते, आणि जिथे थांबले तिथूनच ते पुढे न्यायचे, हा या शब्दाचा गाभा. आपल्याकडे याला नेमका वाक्प्रचार आहे : मागील पानावरून पुढे चालू. विधानसभा जेवणासाठी तहकूब होते आणि नंतर कामकाज ‘रिझ्यूम’ होते. कोणी नव्याने निवडून यावे लागत नाही. रजेवरचा मास्तर शाळेत परततो तेव्हा कचेरीच्या इंग्रजीत त्याने ‘ड्युटी रिझ्यूम’ केलेली असते. आपण म्हणतो, मास्तर रुजू झाले. गंमत अशी की ‘रुजू’चे मूळही अरबीतील ‘परतणे’ हेच आहे. म्हणजे शब्द आपल्या घरात होताच! नोकरीच्या अर्जासोबत जोडतात तो ‘रेझ्युमे’ही याच कुळातला, पण तो फ्रेंच वाटेने आला. त्याचा अर्थ सारांश. स्पेलिंग जवळपास एकच असल्याने दोहोंची गल्लत होते, एवढेच.

मोपाला ‘रिझ्यूम’ चपखल बसतो. 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमानतळाचा पर्यावरण दाखला स्थगित केला. तो रद्द केला नव्हता, फेरविचारासाठी तज्ज्ञ समितीकडे पाठवला होता. 16 जानेवारी 2020 रोजी अटी घालून स्थगिती उठली आणि काम होते तिथून पुढे गेले. डिसेंबर 2022 मध्ये उद्घाटन, जानेवारी 2023 मध्ये पहिली विमाने. मागील पानावरून पुढे चालू, अक्षरशः.

डिचोलीची गोष्ट मुळातच वेगळी आहे आणि घोळ तिथेच झाला. पोर्तुगीज काळातील खाणींचे परवाने 1987 च्या कायद्याने पट्टे ठरले. त्यांचे पहिले नूतनीकरण, म्हणजे ‘रिन्युअल’, 22 नोव्हेंबर 2007 ला संपले. तरी खाणी चालतच राहिल्या. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने बंदी उठली, पण न्यायालयाने त्याचबरोबर सांगितले की पट्टे 2007 मध्येच संपले आहेत. आता जे संपलेच आहे ते पुढे चालू कसे करणार? तरीही 88 पट्ट्यांचे दुसऱ्यांदा नूतनीकरण झाले. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने ते सगळे रद्द ठरवले आणि 15 मार्चनंतर खाणी पुन्हा थंडावल्या. निकालात पट्टे ‘फ्रेश’ हवेत आणि पर्यावरण दाखलेही ‘फ्रेश’ हवेत असे स्पष्ट म्हटले होते. ‘रिन्यू’ आणि ‘फ्रेश’ या दोन शब्दांतील अंतर म्हणजे शेकडो ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते.

त्या दिवसांत ‘खाणी लवकरच पुन्हा सुरू’ हे आश्वासन ऐकून जो थांबला, त्याच्या डोळ्यांसमोर जुनी खाण, जुनी कंपनी, जुनी नोकरी होती. ‘फ्रेश’मध्ये यातले काहीच गृहीत नसते. लिलाव होतो, पट्टेदार नवा, करार नवा. जुनी नोकरी त्याच्याकडे आपसूक चालत येत नाही. डिसेंबर 2022 च्या लिलावात डिचोलीचा पहिला गट वेदांताला मिळाला. कंपनी तालुक्याला अनोळखी नव्हती, त्यामुळे लोकांना सारे पूर्ववत होणार असे वाटणे स्वाभाविक होते. 2024 मध्ये तिथे उत्खनन झाले. बातमी आली : खाण पुन्हा सुरू! आमच्या मते मथळा असा हवा होता : खाण नव्याने सुरू.

‘पुन्हा’ आणि ‘नव्याने’ यांतला फरक मराठीला नवा नाही. टिळकांनी तुरुंगवासानंतर 1899 मध्ये ‘केसरी’त ‘पुनश्च हरिः ॐ’ लिहिले, ते हातचे कार्य पुढे नेण्यासाठी. नवे पत्र काढण्यासाठी नव्हे. 2020 च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्र सरकारने तेच शब्द उचलले, पण जोडीला इंग्रजी नाव दिले ‘मिशन बिगिन अगेन’. ‘बिगिन अगेन’ म्हणजे पहिल्यापासून, आणि इरादा तर थांबलेले व्यवहार पुढे नेण्याचा! इथे मराठी सरस ठरली.

गावासाठी मात्र हा शब्दांचा खेळ नाही. काम ‘रिझ्यूम’ होते तेव्हा जुना दाखला चालतो. पट्टा ‘फ्रेश’ असला की दाखला नव्याने घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जाहीर जनसुनावणी लागते. डिचोली गटाची सुनावणी 2023 मध्ये झाली. घरे, देवळे, तळी पट्ट्यातून वगळा, हे मुळगाव-शिरगावच्या लोकांचे म्हणणे मांडायची जागा तीच. पहिल्या चार गटांपैकी तीन एकट्या डिचोली तालुक्यातले आहेत. जुनीच खाण चालू होतेय, आपण कशाला जायचे, असे म्हणून जो घरी बसला, त्याचे म्हणणे त्या दिवशी नोंदले गेले नाही.