दिव्याची आतली बाजू

दीड फूट व्यासाची तांब्याची चकती. पत्रा २२ गेजचा, म्हणजे जाडी पाऊण मिलिमीटरच्याही आत, तरी काट्यावर किलोभर भरते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका कारखान्याच्या उंबऱ्याशी बसून मी ती पाहतोय. तिचा जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा व्हायचा आहे. एका इंटिरियर डिझायनरने दिलेल्या कागदावर एका अंगाला झुकलेला, कड वरखाली असलेला घुमट काढलाय. कारखान्यातल्या तांबट काकांनी कागद एकदा नीट पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

आळीतले हे त्वष्टा कासार पेशवाईत कोकणातून पुण्यात आले. हंडे, घागरी, आंघोळीच्या पाण्याचे बंब यांवर कैक पिढ्या जगल्या. पुढे स्टेनलेस स्टीलने हंडा घालवला, गिझरने बंब. आता स्टुडिओ कॉप्रेसारखे डिझाइन स्टुडिओ तांबटांबरोबर नव्या घाटाच्या वस्तू करतात. दिव्यांची कामं येतात ती याच वाटेने.

आधी ताव. चकती लाल होईस्तोवर तापवायची आणि सरळ पाण्यात बुडवायची. पोलादाचं असं केलं तर ते कडक होतं. तांबं मात्र मऊ पडतं, हाताने वाकेल इतकं. मग हातोडा. ठोके बसत गेले की पत्रा पुन्हा ताठरतो. हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं: सुरुवातीचा बद्द आवाज हळूहळू खणखणीत होतो. खणखणला की थांबायचं, नाहीतर कडेला चीर जाते. पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी.

झुकलेल्या घुमटात खरी मेख इथेच आहे. एका अंगाला पत्रा जास्त ओढला जातो, तिथे तो पातळ होतो आणि ताठरतोही लवकर. गोल, सरळ घाटाचे दिवे बहुतेक ठिकाणी स्पिनिंगच्या लेथवर ओढून येतात आणि हाताने फक्त मठारकाम, म्हणजे हातोड्याच्या खुणा उठवणं, होतं. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण असा दिवा ‘संपूर्ण हाताने घडवलेला’ म्हणून विकला की चीड येते. लेथवर पत्रा फिरत असतो, त्यामुळे तिथे चारी बाजूंना सारखाच आकार निघतो. कलता घुमट हातालाच काढावा लागतो.

मठारताना काकांचा हातोडा जवळजवळ एकाच जागी पडतो. फिरतो तो डाव्या हातातला घुमट. प्रत्येक खूण आधीच्या खुणेवर थोडी चढते. लोक ही नक्षी समजतात. नक्षी ती आहेच, पण तावाने मऊ पडलेला पत्रा याच ठोक्यांनी पुन्हा ताठ होतो. एरवी इतक्या पातळ दिव्याला नुसत्या बोटाने पोचा पडेल.

भांड्याची शोभा बाहेरून असते, आत कल्हई. दिव्याचं उलटं. खाली बसलेल्या माणसाला दिसते ती आतली बाजू, आणि उजेड परततो तोही तिच्यावरूनच. ठोका बाहेरून पडतो तेव्हा पत्रा आतल्या लोखंडी आधारावर दाबला जातो, आणि त्या लोखंडावरचा प्रत्येक ओरखडा आत उमटतो. भांड्यात तो कल्हईखाली लपायचा. इथे बल्ब लागला की तो लगेच दिसेल. म्हणून काका आज हातोड्याआधी आधाराच्या लोखंडाचं डोकं पॉलिश पेपरने घासत बसलेत. बरं, घासतात तरी किती! मला वाटलं झालं, त्यांना वाटत नव्हतं.

धातूच्या दिव्यात बल्ब लपवणं हे अर्धं काम असतं. डेन्मार्कचे पोल हेनिंगसेन यांनी १९५८ साली कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हिलियनसाठी आर्टिचोक हा दिवा केला. तांब्याची ७२ पानं, १२ थरांत, अशी रचलेली की कुठूनही पाहा, बल्ब डोळ्यात खुपत नाही. टॉम डिक्सन या ब्रिटिश डिझायनरचे ‘बीट’ दिवे आपल्या पितळी पाणभांड्यांवरून सुचलेले आणि मुरादाबादच्या कारागिरांकडून ठोकून घेतलेले. त्यात काळ्या बाहेरच्या अंगाआड ठोकलेलं पितळ चमकतं. मला ते आवडतात, कारण आतली बाजू महत्त्वाची आहे हे ज्याला कळलं त्याचे ते दिवे आहेत.

तांबं निळा-हिरवा उजेड पुष्कळसा गिळतं आणि लाल-नारिंगी परत देतं. त्यात आधीच पिवळसर असलेला २७०० केल्विनचा बल्ब लावला तर टेबलावर तांबूसपणा दाट उतरतो, आणि जेवणाच्या टेबलावर तो फार झाला तर भाजीचा रंग कळत नाही. डिझायनर ४००० केल्विनचा, म्हणजे जास्त पांढरा, बल्ब लावून पाहू म्हणाली. काकांनी दुसराच उपाय सुचवला: आतून कल्हई करू. कथिलावरून उजेड बराचसा पांढराच परततो, आणि बाहेरून दिवा तांब्याचाच राहतो. भांड्याची विद्या दिव्याच्या कामी आली. डिझायनरने लगेच होकार दिला. मी असतो तर एक फुटाचा तुकडा कल्हई करून आधी पाहिला असता, कारण कल्हईने मठाराच्या खुणांची धार थोडी बोथट होते.

डिझायनरच्या चित्रात अर्थिंगच्या वायरला जागाच दाखवलेली नव्हती. साध्या धातूच्या दिव्याला ती हवीच, नाहीतर आतली वायर सोलवटली की अख्खा घुमट करंट मारेल. काकांच्या मुलाने माथ्याशी होल्डरच्या पट्टीला एक वेगळा स्क्रू ठेवला.

शेवटी पैशांचं बोलणं निघालं. तांब्याचं भांडं पिढ्यान्‌पिढ्या किलोवर विकलं गेलं, मजुरीही त्याच हिशेबाने. दिव्यात हे गणित उलटं बसतं: पत्रा जितका पातळ, तितके ठोके हलके आणि मोजून, आणि वजन कमी. काका आता नगावर दर सांगतात. तरी डिझायनरच्या कारकुनाने फोनवर विचारलंच, “किलोला कसं पडतं?”