नवतपा सोसणारी व्हायोला

डिसेंबर लागला की चंद्रपूरच्या रोपवाटिकांमध्ये पॅन्सी येते. जांभळी, पिवळी, मधोमध काळा डाग असलेली. एखादं मांजराचं पिल्लू टक लावून बघतंय असा तिचा चेहरा. आपण दोन-चार रोपं आणतो, ओसरीत ठेवतो, महाशिवरात्रीपर्यंत त्यांचे लाड करतो. मग होळी जवळ येते, रात्री उबदार होतात, देठ लांबट आणि लुळे पडतात, आणि एके दिवशी कुंडीत नुसती माती उरते. मे २०१९ मध्ये जिथला पारा ४७ अंशांच्या पुढे गेला, त्या गावात पॅन्सीचं, म्हणजे व्हायोलाचं, कूळ टिकायचं कसं, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

हा समज एका धुऱ्यावर मोडला. सिंदेवाहीकडे धानाची रोवणी चालू होती. बांधीतल्या चिखलातून वर येऊन धुऱ्यावर टेकले, तर गवतात बोटाच्या नखाएवढं एक जांभळट गुलाबी फूल दिसलं. एकच पाकळी! वर गोल, रुंद, आणि खाली निमुळती होत गेलेली, जणू बाहुलीच्या खेळातलं फावडं. रोवणीला आलेल्या आजी म्हणाल्या, “रतनपुरुष होय जी ते.”

रतनपुरुष हे नाव ऐकून होते, पण हे झाड व्हायोलाच्या घरातलं आहे हे ठाऊक नव्हतं. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची रीत लिनियसच्या १७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लांटारम’ या ग्रंथाने रुळवली. त्या ग्रंथात आपलं हे रतनपुरुष चक्क व्हायोला म्हणून नोंदलेलं आहे: व्हायोला एनिआस्पर्मा, म्हणजे नऊ बियांची व्हायोला. पुढे अभ्यासकांनी ते हायबँथस या प्रजातीत नेलं, आणि अलीकडे तेही नाव बदलू लागलं आहे. पण कूळ अजून तेच, व्हायोलेसी. पॅन्सीची ही चुलत बहीण आपल्या मुरमाड माळांवर, सागाच्या विरळ रानात, पायवाटेच्या कडेला मुकाट्याने नांदत आली आहे.

फूल हातात घेऊन नीट बघितलं की नातं पटतं. पाकळी एकच वाटते, पण असतात पाच. खालची तेवढी पसरते. दोन बाजूच्या आणि दोन वरच्या इतक्या इवल्या की भिंग लावल्याशिवाय नजरेत भरत नाहीत. म्हणूनच तमिळ लोक याला ‘ओरिदळ तामरै’, म्हणजे एका पाकळीचं कमळ म्हणतात. मोठ्या पाकळीच्या बुडाशी मागच्या बाजूला छोटा फुगवटा आहे. त्यात मध. हायबँथस या ग्रीक नावाचा अर्थच पाठीला कुबड असलेलं फूल. पॅन्सीच्या फुलाची पाठ बघा, तिथेही तशीच एक मधाची नळी निघालेली दिसेल. माशीने रुंद पाकळीवर उतरावं, मधासाठी डोकं आत घालावं आणि जाताना परागकण घेऊन जावं, हा दोघींच्या घरचा एकच रिवाज.

खरी गंमत फळात आहे. वाटाण्याहून लहान बोंड वाळतं, तेव्हा उभं चिरून त्याच्या तीन फाकी होतात. प्रत्येक फाक म्हणजे एक होडी, आणि होडीत ओळीने बसलेल्या फिकट पिवळ्या बिया. ऊन चढतं तशी होडी सुकते, तिच्या कडा आत वळतात आणि बियांना दोन्ही बाजूंनी दाबू लागतात. सीताफळाची ओली बी चिमटीत धरली की कशी सटकते? अगदी तसंच. मी एकदा पिकत आलेली चार बोंडं कागदाच्या डबीत ठेवली होती. दुपारी खोलीत टिक, टिक असा आवाज येऊ लागला. पाल म्हणून छताकडे पाहिलं. आवाज डबीतून येत होता. ना वारा, ना पाखरू. आई सुकते आणि सुकता सुकता लेकरांना लांब भिरकावते.

या झाडाची ओळख माणसाच्या आधी एका फुलपाखराला पटलेली आहे. नारिंगी पंख, त्यांवर काळे ठिपके, मागच्या पंखांना पांढऱ्या टिकल्यांची काळी किनार, आणि उडणं इतकं संथ की वाटावं याला कुणाची भीतीच नाही. खरोखरच नसते; पकडलं तर ते पिवळा, उग्र द्रव सोडतं आणि पक्षी त्याच्या वाट्याला जात नाहीत. इंग्रजीत ते टॉनी कॉस्टर, मराठीत कृष्णकमळिनी. त्याच्या अळ्या बागेत कृष्णकमळाच्या वेलीवर वाढतात, आणि रानात रतनपुरुषावर. त्याचं जुनं शास्त्रीय नाव होतं अॅक्रिया व्हायोली. कुठे कुंपणावर चढणारा तो वेल आणि कुठे वीतभर उंचीचं हे रोप! पण आजच्या वनस्पतिशास्त्रात कृष्णकमळाचं कूळ आणि व्हायोलाचं कूळ एकाच मोठ्या गणात, एकमेकांच्या शेजारी बसतात. प्रयोगशाळांनी जनुकं वाचून जे नातं जुळवलं, ते ही फुलपाखराची मादी पानावर पाय टेकवून ओळखत आली आहे.

व्हायोलाच्या कुळात आणखी एक नवल दडलं आहे. साधं प्रथिन म्हणजे माळेचा धागा, त्याला दोन टोकं असतात. या कुळातली काही छोटी प्रथिनं मात्र टोकाला टोक जोडून वर्तुळ झालेली असतात, आणि आतून तीन गाठींनी जखडलेली. त्यांना सायक्लोटाइड म्हणतात. रतनपुरुषातही ती सापडली आहेत. त्यांचा शोध आफ्रिकेत लागला. १९६० च्या दशकात काँगोमधल्या स्त्रिया बाळंतपण लवकर व्हावं म्हणून एका रानवनस्पतीचा काढा घेतात, हे लोरेन्ट्स ग्रान या नॉर्वेजियन डॉक्टरांनी पाहिलं. उकळूनही ज्याचा गुण जात नाही असं त्या काढ्यातलं प्रथिन वर्तुळाकार असल्याचं १९९५ मध्ये उलगडलं. झाडाला हे वर्तुळ किडींपासून वाचवतं. आपल्या कुंपणावरच्या गोकर्णीतही सायक्लोटाइड आहेत, आणि ऑस्ट्रेलियात गोकर्णीच्या अर्काचं कीडनाशक कापसावर वापरलं जातं. वऱ्हाडापासून चंद्रपूरपर्यंत कापसावरच्या फवारणीने गांजलेल्या माणसाला ही बातमी मोलाची वाटावी.

आता ते ४७ अंश. युरोपातल्या बहुवर्षायू व्हायोला हिवाळ्यात बर्फाखाली झोपतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. आपल्याकडे जीवघेणा काळ हिवाळा नाही, उन्हाळा आहे. म्हणून रतनपुरुषाने झोपेचं वेळापत्रकच फिरवलं. पावसात वाढायचं, फुलायचं, बिया उडवायच्या. माती कोरडी पडली की वरचा पसारा सोडून द्यायचा आणि लाकडासारख्या टणक मुळाशी जीव गोळा करून ठेवायचा. मोहफुलांच्या दिवसांत झाडांखालचा पालापाचोळा पेटवतात, ती आग वरून निघून गेली तरी खोल गेलेलं मूळ वाचू शकतं. हलक्या जागी हे रोप एका हंगामातच संपतं. जिथे मुळाला खाली वाट मिळाली, तिथे ते वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी उगवतं.

घरी लावायचं तर हेच वेळापत्रक पाळायचं. रान खोदून रोप आणू नका. औषधासाठी रतनपुरुष मुळासकट उपटलं जातं, त्यात आपली भर नको. आणि मोडलेल्या मुळाचं झाड सहसा जगतही नाही. हिरव्या बोंडावर मलमलीची चिंधी सैल बांधा, म्हणजे उडालेलं बी तिच्यात अडकेल. पसरट कुंडी नको, खोल हवी. तिच्यात मुरूम, लाल माती आणि कुजलेला पाला सारख्या मापाने. मृगाच्या सुमारास बी वरच्यावर पेरून चिमूटभर रेती भुरभुरवा. काही बिया लवकर रुजतात, काही पुढच्या पावसाची वाट बघतात. कुंडी उकरू नका. सकाळचं ऊन द्या, बुडाशी पाणी साचू देऊ नका. पानांवर काटेरी, तांबूस अळ्या दिसल्या तर फवारा उचलू नका. त्या पानं फस्त करतील, रोप पुन्हा फुटेल.

फाल्गुनात काड्या वाळतील. मातीपासून दोन बोटं ठेवून छाटा, वर सुका पाला पसरा, कुंडी आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत सरकवा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की आठवड्यातून एखादा तांब्या पाणी पुरे. या दिवसांत कुंडी मेल्यासारखीच दिसते. घरात कुणीतरी विचारतं, ही माती दुसऱ्या कुंडीत घालू का? माझ्याकडे दरवर्षी विचारतात. मी त्या कुंडीत बांबूची एक कामटी खोचून ठेवते, इथे कुणीतरी आहे याची खूण म्हणून.

गेल्या वर्षी पहिल्या पावसानंतर नवव्या दिवशी त्या कामटीच्या बुडाशी दोन हिरवी टोकं वर आली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि श्रावणात, पहिलं फूल येण्याच्याही आधी, एका पानाच्या पाठीवर पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता. या मोहल्ल्यात व्हायोला कुठे आहे, हे कृष्णकमळिनीने शोधून काढलं होतं.